कॅप्सूल वर, सही खाली: अवकाशातून परत यायच्या एका लायसन्सचं प्रकरण

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण आपण तलाठी ऑफिसपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे वापरतो. अमेरिकेत २०२३ साली एका कंपनीच्या यानाने ती अक्षरशः जगून दाखवली. म्हणजे वरचं काम संपलं होतं, माल तयार होता, यान ठणठणीत होतं, आणि तरी ते दिवसाला पंधरा-सोळा वेळा पृथ्वीभोवती चकरा मारत बसलं होतं कारण खाली उतरायची सही झाली नव्हती. सहा नाही, चांगले सात महिने.

हे प्रकरण निवडायचं कारण असं की "अवकाश उद्योगावरचे नियम कमी करा" हे हल्ली जो तो म्हणतो, राष्ट्राध्यक्षांपासून ट्विटरवरच्या रॉकेटप्रेमींपर्यंत, पण कमी म्हणजे कुठले, कोणाचे, आणि कुठल्या क्रमाने, हे विचारलं की गाडी तिथेच अडते. या एका यानाच्या गोष्टीत ते फार स्वच्छ दिसतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आपण त्यांना कॅप्सूलवाले म्हणू. अवकाशाच्या बातम्या वाचणाऱ्याला दोन परिच्छेदात कळेलच कोण ते, कळू दे की. नाव बाजूला ठेवलं की कंपनी आवडते-नावडते हा वाद गळून पडतो आणि नुसती प्रक्रिया दिसते, एवढाच हेतू.

पार्श्वभूमी

कॅप्सूलवाल्यांचा धंदा सांगायला सोपा आहे. वजनरहित अवस्थेत काही औषधांचे स्फटिक जमिनीवरच्यापेक्षा वेगळे बनतात, तर औषध वर न्यायचं, छोट्या यंत्रात स्फटिक बनवायचे, आणि कॅप्सूलमध्ये बंद करून खाली आणायचे. पहिल्या फेरीला त्यांनी रिटोनाविर घेतलं, एचआयव्हीवरचं औषध. निवड मजेशीर आहे कारण स्फटिकांचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये रिटोनाविर हे बदनाम नाव. १९९६ ला बाजारात आलं आणि १९९८ ला अचानक त्याचा दुसराच, कमी विरघळणारा स्फटिक कारखान्यात तयार व्हायला लागला, शेवटी गोळ्या (त्याही कॅप्सूलच, पण गिळायच्या) बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. तेव्हापासून स्फटिक कसा बनतो हा औषध कंपन्यांचा दुखरा दात आहे.

आता यानातली कॅप्सूल. रुंदीला साधारण ९० सेंटीमीटर, पॅराशूट असलेली, उष्णतेपासून वाचवणारं कवच नासाने विकसित केलेल्या पदार्थाचं. तिला वीज देणारा, दिशा देणारा आणि शेवटी खाली ढकलणारा भाग दुसऱ्या कंपनीने बनवलेला. वर नेणारं रॉकेट तिसऱ्या कंपनीचं, फाल्कन ९, आणि तेही शेअर रिक्षासारखं, एका फेरीत ७२ नग. १२ जून २०२३ ला कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरून उडालं. बेत असा की जुलैच्या मध्यापर्यंत स्फटिक बनवायचे आणि युटामधल्या वाळवंटात उतरायचं.

हे युटाचं वाळवंट म्हणजे मोकळं माळरान नाही. तिथे हवाई दलाची युटा टेस्ट अँड ट्रेनिंग रेंज आहे, जिथे लढाऊ विमानांचा सराव चालतो, आणि लागूनच लष्कराचं डगवे प्रूव्हिंग ग्राउंड. म्हणजे जागा एक दिसली तरी सातबाऱ्यावर नावं दोन. आणि आकाशातून खाजगी वस्तू उतरवायचं लायसन्स देणार एफएए, म्हणजे अमेरिकेचं नागरी विमान वाहतूक खातं, आपल्या डीजीसीएचा मोठा भाऊ म्हणा.

इथे थोडं मागे जावं लागेल, कारण एफएएकडे हे काम आलं तेच मुळी हा गोंधळ मिटवायला. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये टेक्सासच्या किनाऱ्याजवळच्या मॅटागोर्डा बेटावरून स्पेस सर्व्हिसेस नावाच्या कंपनीने कॉनेस्टोगा १ हे खाजगी पैशाचं रॉकेट उडवलं. कंपनीचा चेहरा होता डीक स्लेटन, नासाचा पहिल्या सात अंतराळवीरांपैकी एक. तेव्हा खाजगी रॉकेटला परवानगी कोणी द्यायची हेच कायद्यात नव्हतं. मग एफएएकडून हवाई हद्दीची सूट घ्या, दूरसंचार आयोगाकडून रेडिओची परवानगी घ्या, आणि सगळ्यात कडी म्हणजे परराष्ट्र खात्याकडून शस्त्र निर्यातीचा परवाना घ्या, कारण रॉकेट देशाच्या हद्दीबाहेर जातंय म्हणजे ती निर्यात झाली! माल कोणाला विकला, तर समुद्राला. हे बघून १९८४ मध्ये रेगन सरकारने आधी फेब्रुवारीत आदेश काढून परिवहन खात्याला प्रमुख खातं केलं आणि ऑक्टोबरमध्ये व्यावसायिक अवकाश प्रक्षेपणाचा कायदाच आणला. १९९५ ला हे काम परिवहन खात्याखालच्या एफएएकडे गेलं. थोडक्यात एक खिडकी योजना, चाळीस वर्षांपूर्वीची.

पण खिडकी एक केली म्हणून मागचे टेबल कमी होत नाहीत. रॉकेट लष्करी तळावरून उडणार तर तळाची सुरक्षा टीम आपला हिशोब करणार, एफएए आपला करणार, दोन्हीकडे जवळपास तेच आकडे पण फॉर्म वेगळे. एफएएच्या स्वतःच्या पुस्तकातही प्रक्षेपणाचे आणि परतीचे नियम चार वेगवेगळ्या भागांत विखुरलेले. मे २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने अवकाश धोरण निर्देश क्रमांक दोन काढून हे सगळं एकत्र करायला सांगितलं, आणि मार्च २०२१ पासून पार्ट ४५० नावाचा एकच नियम लागू झाला. चार भागांचं एक पुस्तक. जुन्या लायसन्सवाल्यांना नव्यावर यायला पाच वर्षं दिली, मार्च २०२६ पर्यंत.

पार्ट ४५० ची कल्पना चांगली होती. काय साध्य करायचं ते सांगायचं, कसं करायचं ते कंपनीवर सोडायचं. उदाहरणार्थ दहा हजार वेळा असं उतरवलं तर सगळ्या लोकांत मिळून सरासरी एकापेक्षा जास्त माणूस जखमी किंवा मृत व्हायला नको, आणि कुठल्याही एका माणसाचा धोका दहा लाखात एकच्या वर नको. हे तुम्ही कसं सिद्ध कराल ते तुम्हीच दाखवा. ऐकायला मोकळीक वाटते. प्रत्यक्षात काय झालं की कुठली पद्धत चालेल हे सांगणारी मार्गदर्शक कागदपत्रं हळूहळू येत होती, म्हणजे ओपन बुक परीक्षा ठेवली पण पुस्तक अजून छापखान्यात. आणि या नव्या नियमाखाली अवकाशातून परत यायचं लायसन्स तोवर कोणालाच मिळालेलं नव्हतं. कॅप्सूलवाले पहिले.

अडचण

सगळ्यात पहिला प्रश्न कुणालाही पडेल: उतरायची परवानगी नसताना उडालेच कसे? तर नियमात ती फट होती. रॉकेट कंपनीकडे प्रक्षेपणाचं लायसन्स होतं. वर जाणाऱ्या मालाची वेगळी तपासणी होते, ती झाली. परतीचं लायसन्स हा तिसरा कागद, आणि तो उड्डाणाआधी हातात पाहिजे असं तेव्हा कुठे लिहिलेलं नव्हतं. अर्ज केलेला होता, बोलणी चालू होती, होऊन जाईल असं सगळ्यांना वाटत होतं. आपल्याकडे कसं बांधकाम पूर्ण करतात आणि भोगवटा प्रमाणपत्र मागाहून बघू म्हणतात, तसंच, फक्त इथे इमारत ताशी २७ हजार किलोमीटरने फिरत होती.

जुलै हुकला. मग ५ आणि ७ सप्टेंबर या दोन तारखा ठरल्या. आणि ६ सप्टेंबरला एफएएने अर्ज फेटाळला. कारण दिलं की कंपनीने नियमांचं पालन होतंय हे दाखवून दिलेलं नाही. हवाई दलानेही सांगितलं की सुरक्षा, धोका आणि परिणाम यांचा एकूण विचार करता सध्या रेंज वापरायला देता येत नाही. कंपनीने दोन दिवसांनी, ८ तारखेला, फेरविचाराचा अर्ज टाकला.

मग घोडं नक्की पेंड कुठे खात होतं? कॅप्सूलवाल्यांच्या प्रमुखांचं जाहीर म्हणणं असं होतं की यानाच्या सुरक्षिततेबद्दल कुणाला शंका नव्हती, भानगड समन्वयाची होती, हवाई दलाची रेंज, लष्कराचं डगवे आणि एफएए या तिघांनी मिळून असं काम आधी कधी केलेलंच नव्हतं. एफएएचं म्हणणं मघाशी सांगितलंच, कागद पुरेसे नाहीत. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं असं मला वाटतं, आणि तिथेच या प्रकरणाचं मर्म आहे.

बघा ना. एफएएचा धोक्याचा हिशोब हवेत होत नाही, तो ठराविक मार्ग आणि ठराविक जागा धरून होतो, आणि त्या जागेच्या मालकाशी करार लागतो. रेंजवाले म्हणणार तुमच्याकडे लायसन्स येतंय का ते कळू दे, कारण आमच्या विमानांचा सराव थांबवून आम्ही तुम्हाला दोन दिवस देतोय, ते दिवस फुकट गेले तर परत कधी देऊ सांगता येत नाही. दिवस हुकला की मार्ग बदलतो. मार्ग बदलला की हिशोब परत. हिशोब परत म्हणजे एफएएकडे परत. एमआयडीसीत शेड टाकलेल्या कुणालाही विचारा, तो म्हणेल यात नवीन काय, पाण्याची जोडणी मिळायला पूर्णत्वाचा दाखला लागतो आणि दाखल्याला पाणी. अंडं आधी की कोंबडी. फक्त आपल्याकडे निदान दोन्ही टेबलं एकाच गावात असतात.

आणि जखमेवर मीठ म्हणजे, २४ सप्टेंबर २०२३ ला, फेटाळल्यानंतर बरोबर अठरा दिवसांनी, त्याच युटाच्या वाळवंटात नासाची ओसायरिस-रेक्स कॅप्सूल बेन्नू लघुग्रहाची माती घेऊन पॅराशूटने अलगद उतरली. टीव्हीवर लाइव्ह. तीच रेंज, तेच डगवे. ती सरकारची स्वतःची मोहीम, त्यामुळे एफएएच्या लायसन्सचा प्रश्नच नाही, आणि रेंजशी तयारी वर्षानुवर्षं आधीपासून. वाळवंट तेच आणि पडणारी वस्तूही साधारण त्याच जातीची, फरक फक्त सह्या किती आणि त्यांची तारीख कोण जुळवतंय याचा.

पण रेंजवाल्यांची बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर ही गोष्ट म्हणजे आळशी बाबू विरुद्ध शूर उद्योजक अशी स्वस्त होईल. याच भागात सप्टेंबर २००४ ला नासाच्या जेनेसिस मोहिमेची कॅप्सूल उतरताना पॅराशूट उघडलंच नाही आणि ती ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेगाने चिखलात घुसली. माणूस जवळ नव्हता म्हणून निभावलं. ज्याने ते पाहिलंय तो पहिल्यांदाच उडालेल्या खाजगी कॅप्सूलला दोनदा प्रश्न विचारणारच.

कोणते पर्याय होते

अर्ज फेटाळल्यानंतरच्या त्या आठवड्यांत टेबलावर काय काय मांडता येत होतं ते बघू.

एक, वर थांबायचं आणि युटासाठीच परत प्रयत्न करायचा. याला आधार एवढाच की यान गरज पडली तर वर्षभर टिकेल असं बनवलेलं होतं, आणि कंपनीने तेव्हा तसं जाहीरही केलं. हा एक निर्णय त्यांनी डिझाइनच्या वेळी घेतलेला, बहुतेक इंजिनिअरच्या सवयीने थोडी मोकळीक ठेवून, आणि त्यानेच शेवटी वाचवलं. महिन्याभराचं इंधन आणि महिन्याभराची बॅटरी टाकून पाठवलं असतं तर हे प्रकरण इथेच संपलं असतं.

दोन, जागा बदलायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीने दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कुनिब्बा रेंजशी करार केल्याचं जाहीर केलं, सेडुना गावाजवळ, तिथल्या आदिवासी समाजाच्या जमिनीवर, एक खाजगी कंपनी चालवते ती रेंज. पण लक्षात घ्या, अमेरिकन कंपनीने जगात कुठेही यान उतरवलं तरी एफएएचं लायसन्स लागतंच. म्हणजे ऑस्ट्रेलियाला गेलं की एक सही कमी होत नाही, उलट ऑस्ट्रेलियन स्पेस एजन्सीची एक वाढते! मग फायदा काय? फायदा हा की कुनिब्बाचा धंदाच हा आहे. तिथे लढाऊ विमानांशी दिवसासाठी भांडावं लागत नाही. (आणि ऑस्ट्रेलियाला आकाशातून पडणाऱ्या अमेरिकन वस्तूंचा जुना अनुभव आहे. १९७९ ला स्कायलॅबचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले तेव्हा एस्परन्सच्या स्थानिक पालिकेने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोकला होता, गमतीत का होईना.)

तीन, सोडून द्यायचं. स्फटिक वर बनले, यंत्र चाललं, मोजमापं खाली आली, कॅप्सूल वातावरणात जळू द्यायची. तांत्रिक यश म्हणता आलं असतं, पण धंदा संपला असता, कारण गिऱ्हाईक स्फटिकाला पैसे देणार, फोटोला नाही.

चार, राजकीय दबाव आणि गाजावाजा. वातावरण अनुकूल होतं. १८ ऑक्टोबर २०२३ ला सेनेटच्या उपसमितीसमोर मोठ्या अवकाश कंपन्यांनी एफएएकडे माणसं कमी पडतात, पार्ट ४५० किचकट झालाय अशी तक्रार मांडलीच होती. कॅप्सूलवाल्यांना त्या गाडीत बसता आलं असतं.

काय केलं

त्यांनी पहिला धरला आणि दुसऱ्याचा पाया घालून ठेवला. चौथ्याच्या नादी फारसे लागले नाहीत, आणि इथे मी त्यांना मार्क देईन. बाहेर बोलताना एफएएला शिव्या घातल्या नाहीत, समन्वयाचा प्रश्न आहे, सोडवतोय, एवढंच म्हणत राहिले. ज्याच्याकडून सही हवी त्याच्या दारात तमाशा करू नये हे आपल्या आजीलाही माहीत असतं पण स्टार्टअपवाल्यांना सहसा नसतं.

आत काम चाललं ते कंटाळवाणं. एफएएला हवा तसा हिशोब नव्याने, रेंजबरोबर नवीन तारखा, डगवेबरोबर कॅप्सूल कोण उचलणार कसं उचलणार, आणि हवाई वाहतूक नियंत्रणाकडून त्या वेळेपुरती हवाई हद्द बंद ठेवणं. गंमत म्हणजे ते हवाई वाहतूक नियंत्रणही एफएएचंच, फक्त दुसरा मजला. कायद्यात एफएएला अर्ज स्वीकारल्यावर १८० दिवसांत निर्णय द्यायची मुदत आहे, पण "स्वीकारला" हा शब्द कधी लागू होतो यावर सगळं अवलंबून, अर्ज अपुरा म्हटला की घड्याळ सुरूच होत नाही. आपल्याकडे कुठलीही फाइल "त्रुटी" शेरा मारून परत येते तेव्हा नेमकं हेच होतं.

निकाल

१४ फेब्रुवारी २०२४ ला लायसन्स मिळालं. पार्ट ४५० खालचं परतीचं पहिलं लायसन्स. फेटाळल्यापासून १६१ दिवस. आणि २१ फेब्रुवारीला, म्हणजे सही झाल्यावर फक्त सात दिवसांत, कॅप्सूल युटात उतरली. दुपारी, पॅराशूटने, व्यवस्थित. सात दिवस हा आकडा मला फार बोलका वाटतो. माणसं, हेलिकॉप्टर, रडार, यान, सगळं तयार होतं. उड्डाणापासून उतरेपर्यंत २५४ दिवस, त्यातलं उत्पादन पहिल्याच काही आठवड्यांत संपलेलं.

स्फटिक कसे होते? पुढच्या महिन्यात कंपनीने माहिती दिली की जो प्रकार बनवायचा होता तो बनला आणि परतीच्या धक्क्या-तापातून टिकला. म्हणजे विज्ञान पास.

नियमांच्या बाजूला दोन गोष्टी झाल्या. १७ एप्रिल २०२४ ला एफएएने सूचना काढली की यापुढे परत यायचं यान वर जाणार असेल तर परतीचं लायसन्स आधी हवं, मालाच्या तपासणीतच ते बघितलं जाईल. फट बुजवली. आणि कंपनीची पुढची यानं: दुसरं जानेवारी २०२५ ला उडालं आणि फेब्रुवारीच्या शेवटी कुनिब्बाला उतरलं, तिसरं मार्चमध्ये उडून मेमध्ये, तेही कुनिब्बाला. चौथं जून २०२५ ला उडालं ते नव्या प्रकारच्या लायसन्सखाली, ज्यात २०२९ पर्यंत प्रत्येक फेरीला सुरक्षिततेची सगळी कागदपत्रं नव्याने द्यावी लागत नाहीत.

निर्णयाच्या जागा, आणि काय वेगळं करता आलं असतं

पहिली जागा अर्थातच जून २०२३. लायसन्सशिवाय उडायला नको होतं का? सरळ उत्तर हो वाटतं, आणि एफएएने एप्रिल २०२४ मध्ये तेच नियमात घातलं. पण कॅलेंडर घेऊन बसलो तर चित्र जरा वेगळं दिसतं. शेअर रिक्षाची पुढची फेरी नोव्हेंबर २०२३ ला होती आणि त्यापुढची मार्च २०२४ ला. लायसन्स फेब्रुवारीत आलं. म्हणजे जमिनीवर थांबले असते तर मार्चला उडाले असते आणि एप्रिल-मेला उतरले असते, प्रत्यक्षापेक्षा उशिरा! शिवाय यान वर आहे, घड्याळ चालू आहे, जगाचं लक्ष आहे, म्हणून तरी तिन्ही खाती एका टेबलावर बसली असा माझा संशय आहे. जमिनीवरच्या गोदामात पडलेल्या कॅप्सूलसाठी कोण बसलं असतं? अर्थात हा तर्क एका कंपनीपुरता ठीक. उद्या दहा जण असेच उडाले आणि त्यातल्या दोघांचं इंधन संपलं तर ती यानं कुठेही पडणार, म्हणून फट बुजवली ते बरोबरच केलं. पण बुजवल्याने वाट बघणं कमी झालं नाही, ते आकाशातून जमिनीवर आलं, एवढंच.

दुसरी जागा, एकाच मैदानावर अवलंबून राहणं. ऑस्ट्रेलियाशी करार ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झाला, फेटाळल्यानंतर. हेच जून २०२३ च्या आधी हातात असतं तर दोन मार्गांचे हिशोब एफएएकडे समांतर चालवता आले असते. महाग पडलं असतं हे मान्य, दोनदा सगळं करायचं, पण २५४ दिवस जमिनीवरची टीम चालू ठेवणं काय स्वस्त होतं? मला विचाराल तर कॅप्सूलवाल्यांची सगळ्यात मोठी चूक ही, लायसन्सशिवाय उडणं नाही.

तिसरी जागा सरकारच्या बाजूची आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पार्ट ४५० ने नियमांची पुस्तकं एकत्र केली, कॅलेंडरं एकत्र केली नाहीत. चार भागांचं एक पुस्तक झालं पण रेंजचं टाइमटेबल रेंजकडे, डगवेचं डगवेकडे, एफएएच्या १८० दिवसांचं घड्याळ एफएएकडे, आणि या तिघांची तारीख जुळवायची जबाबदारी कोणाची, तर अर्जदाराची, म्हणजे ज्याच्या हातात काहीच नाही त्याची. इथे "नियम कमी करा" म्हणून उपयोग नाही. दहा हजारात एक हा आकडा सैल केला असता तरी सप्टेंबरमध्ये यान उतरलं नसतं असं मला वाटतं, कारण रेंज नाहीच म्हणत होती. उलट तिघांच्या एक-एक माणसाची जोडून टीम केली असती, एकच हिशोब तिघांनी वाचायचा, आणि लायसन्स येण्याआधीच रेंजने "लायसन्स आलं तर या चार आठवड्यांत कुठलाही दिवस" असं सशर्त लिहून दिलं असतं, तर एकही नियम न काढता बराच वेळ वाचला असता. नियमातच तशी वाट आहेही, सरकारी तळाने केलेलं सुरक्षा विश्लेषण आपल्या निकषात बसत असेल तर एफएए ते मान्य करू शकतं. प्रक्षेपणाच्या तळांवर ही सवय वर्षानुवर्षं मुरलीये. उतरायच्या रेंजवर ती कोणालाच नव्हती.

आपल्याकडे २०२० मध्ये इन-स्पेस ही संस्था अशीच एक खिडकी म्हणून काढली, खाजगी कंपन्यांना परवानगी तिथून. विक्रम-एस हे खाजगी कंपनीचं रॉकेट नोव्हेंबर २०२२ ला श्रीहरिकोटाहून उडालं ते त्याच वाटेने. खिडकी एक असली तरी रेडिओ फ्रिक्वेन्सी दूरसंचार खात्याकडे आणि प्रक्षेपण तळ इस्रोकडे, हे विसरू नका. आत्ता कंपन्या मोजक्या आहेत, फोनवर तारीख जुळते. संख्या वाढली की युटासारखी वेळ यायला फार नियम लागत नाहीत, दोन कॅलेंडरं पुरतात.

चौथी जागा, एकेका फेरीचं लायसन्स. पहिल्यांदा सगळं तपासणं समजू शकतो. पण तीच कॅप्सूल, तेच कवच, तोच मार्ग, आणि दर वेळी पहिल्यापासून? २०२९ पर्यंतचं लायसन्स ही या सगळ्यातली खरी सुधारणा, जरी बातमी तिची सगळ्यात छोटी झाली. १३ ऑगस्ट २०२५ ला ट्रम्प सरकारने परत एक आदेश काढलाय, पार्ट ४५० वर फेरविचार करा, पर्यावरण तपासण्या आटपा, खात्यांमधली दुहेरी कामं काढा. त्यातला पर्यावरणाचा भाग मला जरा धडकी भरवणारा वाटतो, कारण तिथे दुहेरी काम कमी आणि तपासणीच कमी असं होऊ शकतं, आणि या प्रकरणात तर पर्यावरणाचा अडसर नव्हताच.

अजून एक बारीक गोष्ट, जी कागदावर कोणी मोजत नाही. युटाच्या रेंजने, डगवेने आणि एफएएने मिळून पाच महिने खपून ही पद्धत बसवली, कोणी कोणाला कधी फोन करायचा इथपर्यंत. आणि कंपनीची दुसरी आणि तिसरी कॅप्सूल उतरली ऑस्ट्रेलियात.